ब्लॉक केलेला नंबर

बारावीच्या वर्गाला मी दर शनिवारी मोबाईल आणि इंटरनेट कसं वापरावं याचा एक तास घेत असे. नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडचं ते कोरडवाहू गाव. दिवाळी झाली की कितीतरी मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जायची. गावातल्याच एका मुलीचा फोटो कुणीतरी बनावट खात्यावर टाकला होता, त्यामुळे माझं सगळं शिकवणं सावधगिरीचं. अनोळखी नंबर उचलायचा नाही, 'अर्जंट' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर द्यायचं नाही, शंका आली की ब्लॉक करायचं. पुस्तकात 'नेटवर्किंग' नावाचा एक धडाही होता. माणसं कशी जोडून ठेवावीत, ओळख कशी पटवावी, मदत कशी मागावी, असं त्यात होतं. तो मी अर्ध्या तासात उरकला. वाटलं, या पोरांना त्याचा काय उपयोग?

त्या वर्षी वर्गात दोघी जिवलग मैत्रिणी होत्या. एकीच्या वडिलांची गावात पिठाची गिरणी होती, दुसरीचे आईवडील ऊसतोड मजूर. दुसरी अभ्यासात हुशार होती. तिला रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करायचं होतं. कारखान्यावर निघायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली. "मॅडम, बोर्डाचं फारम निघालं की कळवा. मी कसं बी करून येते," म्हणाली. मी तिच्या वडिलांचा नंबर लिहून घेतला.

फॉर्म भरायला सुरुवात झाल्यावर मी तो नंबर लावला. फोन बंद होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, तरी बंदच. विद्यार्थ्याची सही असल्याशिवाय फॉर्म जाणार नाही, असं कारकुनांनी सांगितलं. तिनं मैत्रिणीला फोन केलाच असेल, असं मी गृहीत धरलं आणि इतर मुलांच्या फॉर्मांत गुंतले. मैत्रिणीला साधं विचारलंही नाही.

पुढच्या शनिवारी मी वर्गात विचारलं, कुणाला संशयास्पद मेसेज आला का? गिरणीवाल्यांची मुलगी उठली. एका अनोळखी नंबरवरून तिला दोनदा फोन आला होता. तिनं उचलला नाही, तेव्हा मेसेज आला. मी शिकवल्याप्रमाणे तिनं त्याचा फोटो काढून ठेवला होता आणि नंबर ब्लॉक केला होता. तिनं तो मेसेज मोठ्यानं वाचून दाखवला. "मी आहे. अर्जंट फोन कर. फॉर्मचं काम आहे." मी तिला शाबासकी दिली. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी ऊसतोडीला गेलेली तिची मैत्रीण कॉलेजात आली. हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे होते. ती नोटीस बोर्डासमोर बराच वेळ उभी राहिली, मग माझ्याकडे आली.

"मॅडम, यादीत माझं नाव न्हाई व्हय?"

मी विचारलं, तू कळवलं का नाहीस? तेव्हा तिनं सांगितलं. वडिलांचा फोन पाण्याच्या पिंपात पडून बंद झाला होता. तिला एकच नंबर पाठ होता, मैत्रिणीचा. शेजारच्या कोपीतल्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीतल्या, बाईच्या हातापाया पडून तिनं दोनदा फोन लावला, मग मेसेज केला. नाव लिहिलं नाही, कारण 'मी आहे' म्हटल्यावर मैत्रिणीला कळेलच, असं वाटलं होतं. उत्तर आलं नाही, तेव्हा तिनं गृहीत धरलं की मैत्रीण मॅडमना सांगून मोकळी झाली असेल.

मी तिला घेऊन प्राचार्यांकडे गेले. विलंब शुल्काची मुदतही उलटून गेली होती. त्यांनी बोर्डात फोन करून पाहिला, पण काही होऊ शकलं नाही. बाहेर आल्यावर ती रडली नाही. "तिला काय बोलू नका, मॅडम. तिचं काय चुकलं न्हाई," एवढंच म्हणाली. मग कुणाचं चुकलं, हे तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी तिनं परीक्षा द्यावी म्हणून मी दोनदा तिच्या घरी गेले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा तिचं लग्न ठरलं होतं. आता ती नवऱ्याबरोबर कोयता घेऊन जाते.

त्यानंतर तो 'नेटवर्किंग'चा धडा मी चार शनिवार शिकवू लागले. ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येकाला पाच नंबर पाठ करायला लावते. अनोळखी मेसेज आला तर ब्लॉक करण्याआधी, फक्त आपल्याच माणसाला ठाऊक असेल असा एक प्रश्न विचारायला सांगते. सुरुवातीला मी ही हकीगतही सांगायचे, नावं न घेता. गेल्या दिवाळीत गिरणीवाल्यांची मुलगी भेटायला आली. ती नगरला शिकते. चहा घेता घेता तिनं खाली मान घालून सांगितलं, "मॅडम, ती गोष्ट वर्गात सांगत जाऊ नका. पोरं ओळखतात, ती मी म्हणून."

तेव्हापासून मी नुसता धडा शिकवते. एवढं काय त्यात, असं मुलं विचारतात. परीक्षेला येतं, असं मी सांगते.