झुरिखच्या होडीतला डबा

आमच्या झुरिखच्या प्रवासाची जी हकिकत नात्यात सांगितली जाते, ती माझ्या मेहुणीने रचलेली आहे. ती स्वतः त्या प्रवासात नव्हती. पण ती इतके रंगवून सांगते की ही उणीव श्रोत्यांच्या ध्यानात येत नाही. तिच्या म्हणण्याप्रमाणे मी तिच्या बहिणीला जगातल्या एका महागड्या शहरात नेले आणि बाकावर बसवून गार भात खाऊ घातला. बाक खरा आहे, भातही खरा आहे. बाकीचे मी मान्य करत नाही.

गेल्या रविवारी चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीत आमच्या घरी ती आली, ती हीच कथा आणि एक नवा बेत घेऊन. व्हिएन्नाला जाणाऱ्या सहलीत दोघी बहिणींच्या जागा धरायच्या. सोबत स्वयंपाकी, रोज रसम. व्हिएन्नाचा बेत मीही कित्येक महिने जुळवत होतो, आम्हा दोघांसाठी. पत्नी कोणाबरोबर जाणार, हे त्या दुपारी ठरायचे होते.

"अक्का, पुन्हा यांच्याबरोबर गेलीस तर पुन्हा बाकावरच बसशील," मेहुणी म्हणाली.

"त्या बाकावरून आल्प्स दिसत होते," मी म्हणालो.

"भावजी, आल्प्स जेवायला घालतात का?"

आता वस्तुस्थिती. झुरिखमध्ये पैसे उधळणे कोणालाही जमते. न उधळता झुरिख भोगायला अभ्यास लागतो, आणि तो मी केला होता. पाणी रस्त्यातल्या कारंज्यांचे, थंडगार आणि फुकट. चित्रे पाहायची ती संग्रहालयात प्रवेश मोफत असेल त्या वारी. ट्रामचे दिवसभराचे तिकीट तळ्यातल्या होडीलाही चालते, हे मी घरूनच शोधून ठेवले होते. खोलीला लहानसे स्वयंपाकघर होते, म्हणून डबा घरचा.

आमच्याकडे प्रवासाला निघताना दहीभात दह्यात कालवत नाहीत. मऊ भातात भरपूर दूध आणि चमचाभर दही घालतात, मीठ-आले-मोहरीची फोडणी देतात आणि डबा बंद करतात. चेन्नईच्या उकाड्यात दुपारपर्यंत डब्यातच दही लागते आणि भात आंबत नाही. तंजावरहून आमचे पूर्वज ही रीत घेऊन आले. त्यांच्यापैकी कोणी एप्रिलच्या झुरिखला गेले नव्हते, हा त्यांचा दोष नव्हे.

दुपारी तळ्याकाठच्या बाकावर डबा उघडला. दूध दूधच होते, आणि त्यात मोहरी तरंगत होती.

"आणि हे भावजी हवामानाला दोष देत बसले!" मेहुणी.

"मी उपाय केला," मी म्हणालो. "डबा मफलरात गुंडाळला आणि होडीच्या उन्हाच्या बाजूला बसलो."

इथे पत्नी हसू लागली. "अगं, मांडीवर तान्हं मूल घ्यावं तसा डबा घेऊन बसले होते. होडी त्या टोकाला जायची, परत यायची. आम्ही उतरतच नव्हतो. एका म्हातारीनं डब्याकडं पाहून इतकं गोड हसून काहीतरी विचारलं! मला वाटतं, तिला आत मांजर आहे असं वाटलं."

"मग? दही लागलं?"

"कुठलं लागतंय! शेवटी त्याच बाकावर येऊन तसाच खाल्ला. पण अख्खं तळं बघून झालं. डोंगर गुलाबी होईपर्यंत."

मेहुणीने शेवटचे अस्त्र काढले. "माझ्या सहलीत सगळं वेळेवर मिळेल, अक्का."

"मिळेल गं. पण मग दिवसभर भांडू कुणाशी?" पत्नी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "येते मी. मात्र व्हिएन्नात एकदा कॉफी दुकानात आत बसून प्यायची. आणि तुम्ही समोर बसून किमतींचा रकाना वाचायचा नाही. झुरिखमध्ये दारातच उभे राहून वाचत होतात."

मी अट मान्य केली. झुरिखमध्ये दारात उभा राहून मी पदार्थांची जर्मन नावे वाचत होतो, एवढे स्पष्टीकरण मात्र नोंदवले. ते कोणी ऐकून घेतले नाही.

मेहुणीने एकटीचीच जागा धरली. अक्काला मी जबरदस्तीने नेत आहे, असे ती आता नात्यात सांगत फिरते. हेही असत्य आहे. जबरदस्ती झाली ती कॉफीपुरती, आणि माझ्यावर.