मेस्त्री सांगतील तसं

नोकरीतून निवृत्त झाल्यावर आमच्याकडच्या शिक्षिका पाटल्या करतात, काशीला जातात, नाहीतर गुडघ्याचं ऑपरेशन उरकून घेतात. मी जुना फोर-व्हील ट्रक घेतला.

ट्रक म्हणजे दहा चाकी धूड नव्हे. पुढे दोघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा आणि चारही चाकांना इंजिनाचं बळ पोचवायची सोय. लाटंबार्सेला आमची काजूची बाग आहे ती डोंगराच्या पार माथ्यावर. वाट जांभ्याची आणि अशी चढाची की रिकाम्या हातानं जाणारा माणूससुद्धा दोनदा थांबतो. पूर्वी मोसमात दोडामार्गाकडून बायका यायच्या आणि डोक्यावरून बिया खाली आणायच्या. पुढे त्यांच्या स्वतःच्या काजूबागा झाल्या, त्या कशाला येतील? भाड्याची जीप मिळायची, पण ऐन एप्रिलमध्ये ती सगळ्यांनाच हवी असायची. शाळेला जाण्यायेण्यासाठी माझी छोटी गाडी होती, म्हणजे चालवायचा प्रश्न नव्हता. तेव्हा डिचोलीजवळ एका कंत्राटदाराच्या आवारात हा ट्रक दिसला आणि मी फार विचार केला नाही. जास्त विचार केला असता तर घेतला नसता.

नवरा तेव्हा पेडण्याला सरकारी कचेरीत होता. संध्याकाळी घरी आला, अंगणात उभ्या असलेल्या ट्रकला एक प्रदक्षिणा घातली आणि शांतपणे विचारलं, परत घेतात का ते?

ट्रक आधी एका खाणीवर राबलेला होता. रंग पांढरा असं कागदावर लिहिलेलं, पण ते पटायला मला तीन वेळा धुवावा लागला. पहिल्या दोन्ही वेळी अंगणातून लाल पाण्याचा ओहोळ वाहिला आणि माडांच्या आळ्यांत जाऊन बसला. सीटखाली मातीचे नमुने भरलेल्या चार पिशव्या निघाल्या, एक अर्धं हेल्मेट आणि एक कंगवा. तिसऱ्या दिवशी ट्रक जिथे उभा होता तिथे तेलाचे पाच वेगवेगळे डाग पडलेले दिसले. मी त्यांच्याभोवती खडूनं गोल काढले. सवय, दुसरं काय.

डिचोलीतल्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून पाहिलं आणि ठेवून जा, बघू म्हणाला. हे ‘बघू’ मी तीस वर्षं पालकांना म्हणत आले होते, त्यामुळे त्याचा अर्थ मला ठाऊक होता. शेवटी सुट्या भागांच्या दुकानदारानं सुचवलं की खाणीवरचे एक जुने फिटर तुमच्याच गावाच्या टोकाला भाड्याच्या खोलीत राहतात, त्यांना विचारा.

मी जाऊन विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते छत्री टेकत टेकत चालत आले. सत्तरीचे असतील. मूळचे सिंधुदुर्गातले, पण उभा जन्म गोव्याच्या खाणींवर गेलेला. बायको वारलेली, मूलबाळ नाही. मी त्यांना मेस्त्री म्हणायला लागले, तेच पुढे कायम झालं. ते मला इतर गावासारखंच बाई म्हणत.

त्यांनी इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडून विजेरी घेतली, हळूहळू गुडघ्यांवर बसले आणि हौद्याखाली डोकं घातलं. बराच वेळ बाहेर येईनात. मला वाटलं चक्कर आली की काय. मी वाकून बघितलं तर ते चासीवरच्या, म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावरच्या, एका जाडसर जोडावरून अंगठा फिरवत होते.

“बाईंनू,” ते म्हणाले, “ह्यां काम माझां.”

मग तिथेच पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. कधीकाळी खाणीच्या उतारावर हा ट्रक घसरून दगडावर बसला आणि त्याची चासी तडकली. साहेब म्हणाले भंगारात काढा. मेस्त्रींनी एक दुपार मागून घेतली आणि आतून पट्टी घालून ती तड सांधली. त्यानंतर नऊ वर्षं हा ट्रक त्यांच्याच हाताखाली होता. त्यांच्या मागे कोणीतरी त्याचे हाल केले होते, आणि ते हाल काय काय ते त्यांनी मला एकेक करून दाखवले. सुटलेला स्प्रिंगचा पाटा. काथ्यानं बांधलेला सायलेन्सर. भलत्याच मापाचा बोल्ट. बोलताना त्यांचा स्वर असा, की मुलीच्या सासरी जाऊन आलेला बाप बोलतोय.

मी विचारलं, दुरुस्त कराल का? त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. हात हलत होते. थोडे नव्हे, वाऱ्यावर पान हलावं तसे. पाना धरला तर नटावर बसेना, म्हणून खाणीवरून वेळेआधी घरी यावं लागलं होतं.

“माझ्या हातान आता जमाचां नाय,” ते म्हणाले. “तुमी करा. मी सांगतंय.”

अशी आमची शाळा सुरू झाली. आठवड्यातून तीन सकाळी मी नवऱ्याचा जुना शर्ट घालून ट्रकखाली गोणपाटावर आडवी, आणि मेस्त्री बाहेर प्लास्टिकच्या स्टुलावर. मला त्यांच्या फक्त चपला दिसत. उजवी चप्पल हलली की समजायचं, मी काहीतरी चुकीचं धरलंय. ते कधी रागावले नाहीत. एकच शब्द म्हणत, “परत.” हा शब्द मी वर्गात किती हजार वेळा उच्चारला असेन. तो ऐकणाऱ्याला कसा लागतो हे मला साठीच्या उंबरठ्यावर कळलं, आणि माझ्या काही विद्यार्थ्यांची मनातल्या मनात माफीही मागितली.

ग्रीस भरायची अकरा ठिकाणं होती. ती त्यांनी माझ्याकडून पाढ्यासारखी पाठ करून घेतली, पुढून मागे आणि मागून पुढे. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन मागून नवं पिवळं दिसेपर्यंत ग्रीसगन दाबत राहायची. पहिल्या दिवशी अर्धं ग्रीस माझ्या केसांत गेलं. नारळाच्या तेलानं ते निघतं हेही मेस्त्रींनीच सांगितलं.

मागच्या आसाचं तेल काढलं तेव्हा खालच्या पातेल्यात दुधाळ चहासारखं काहीतरी पडलं. मी घाबरले. मेस्त्रींना मात्र मजा वाटली. त्यांनी मला आसाच्या वर बोट फिरवून एक बारीक नळी शोधायला लावली. धावून तापलेला आस ओहोळाच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते, म्हणून त्याला श्वास घ्यायला ही नळी. ती बंद असेल तर तो तेलाच्या सीलमधून पाणी ओढून घेतो. आमची नळी बंद होती, कारण कुंभारीण माशीनं तिच्यात आपलं मातीचं घर बांधलं होतं. छत्रीच्या काडीनं मी ते घर काढलं. त्यानंतर कुठलंही लहानसं भोक दिसलं की मी आधी फुंकर मारून बघते.

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली चाकाशी नट ढिला करायचा. मेस्त्रींच्या पायात तेवढा जोर नव्हता. म्हणून एका रविवारी नवऱ्याला केबिनमध्ये बसवलं. ट्रकमध्ये तो प्रथमच चढला होता. खालून मी ‘दाबा’ म्हटलं की दाबायचं, ‘धरा’ म्हटलं की धरून ठेवायचं आणि ‘सोडा’ म्हणेपर्यंत सोडायचं नाही. आयुष्यभर फायली खालून वर पाठवलेल्या माणसाला खालून हुकूम येण्याची सवय नव्हती. दोनदा त्यानं मध्येच पाय उचलला आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. तिसऱ्यांदा मेस्त्री स्टुलावरून त्यालाही म्हणाले, “परत.” मला ट्रकखाली हसू आवरेना. चार चाकं होईपर्यंत जेवायची वेळ टळून गेली, पण शेवटी पेडल घट्ट लागलं तेव्हा नवऱ्यानं ते उगाचच आणखी चार-पाच वेळा दाबून बघितलं.

मार्चमध्ये बाग पिकली. पहिल्या दिवशी मी एकटीच ट्रक घेऊन वर निघाले. अर्धा चढ गेल्यावर मागची चाकं मुरमात गरागरा फिरायला लागली. मी ऐटीत फोर-व्हीलचा दांडा ओढला. काही फरक पडेना. पुन्हा ओढला. चाकांनी नुसता धुरळा उडवला. शेवटी तो सगळा चढ मी उलट्या गिअरमध्ये, मान मागे वळवून, इंचाइंचानं उतरले आणि तशीच मेस्त्रींच्या खोलीपुढे जाऊन उभी राहिले. मी केलेली सगळी मेहनत फुकट गेली, ट्रक मुळातच खराब आहे, असं बरंच काही त्यांना ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग छत्रीच्या टोकानं पुढच्या चाकाच्या मधोमध असलेली गोल टोपी दाखवली. दांडा ओढण्याआधी खाली उतरून दोन्ही चाकांवरच्या या टोप्या हातानं फिरवायच्या असतात, नाहीतर पुढची चाकं इंजिनाला जोडलीच जात नाहीत. हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी वहीत लिहूनसुद्धा ठेवलं होतं.

दुपारी पुन्हा गेले. टोप्या फिरवल्या, दांडा ओढला, आणि ट्रक म्हशीसारखा, घाई न करता, चढ चढून गेला. माथ्यावर पोचल्यावर मी इंजिन बंद केलं आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले. खाली सगळी वाडी दिसत होती. त्या मोसमात एकही पोतं डोक्यावरून उतरलं नाही.

मे संपता संपता मेस्त्री म्हणाले की त्यांना बहिणीला भेटायचं आहे. ती रेडीला, तेरेखोलच्या पलीकडे. पुलावरून गेलो असतो तर लवकर पोचलो असतो, पण त्यांना केरीहून फेरीनंच जायचं होतं. पुलावरून नदी एका घासात संपते, असं त्यांचं म्हणणं. मी भेटीला जायची म्हणून चांगली साडी नेसले होते.

ओहोटीची वेळ होती. फेरी तेरेखोलच्या धक्क्याला लागली, मी सगळ्यांत पुढे होते म्हणून पहिली वर चढले. मागून पर्यटकांची एक मोठी चकचकीत गाडी उतरली आणि धक्क्याच्या अर्ध्या चढावर शेवाळात अडकली. चाकं फिरत होती, गाडी मात्र हळूहळू पाण्याकडे सरकत होती. आतल्या बाईनं मुलाला उचलून बाहेर उडी मारली. फेरीवरची माणसं गाडीला हातांनी थोपवून धरायला धावली.

मेस्त्रींनी सांगायची वाट मी बघितली नाही. मी ट्रक मागे आणला, कोरड्या दगडावर जिथे चाकं धरतील तिथे उभा केला आणि खाली उतरले. साडीचा पदर खोचला. पुढच्या दोन्ही टोप्या फिरवल्या. हौद्यातली दोरी त्या गाडीच्या पुढच्या कडीला बांधून घेतली, ढकलणाऱ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. मग वर बसून सगळ्यांत हळू गिअर टाकला. दोरी हळूहळू ताणू दिली, झटका लागू दिला नाही. ट्रक जरासा कण्हला. मग ती गाडी ओल्या गुरासारखी मागून चालत वर आली.

गाडी चालवणाऱ्या माणसानं माझे आभार मानले आणि शेजारी बसलेल्या मेस्त्रींना विचारलं की ट्रक कोणता. मेस्त्रींनी छत्रीचं टोक माझ्याकडे केलं. पुढे तेरेखोलच्या किल्ल्याच्या वळणावर आल्यावर मला म्हणाले, दोरी सैल ठेवली नाहीस ते बरं केलंस. एवढं एकच. आणि पहिल्यांदाच ते मला ‘अगो’ करून, एकेरीत बोलले होते.

बहिणीचं घर समुद्राच्या अंगाला. ती दारातच उभी होती. भावाच्या मागून येणाऱ्या मला बघून तिनं ही कोण म्हणून विचारलं. मी शाळेतली बाई, ट्रकची मालकीण, शेजारीण, यांतलं काहीही ते सांगू शकले असते.

“ही माझी फिटर,” मेस्त्री म्हणाले.

मी तोंड धुवायचं निमित्त करून मागच्या विहिरीवर गेले. शाळेच्या नोकरीतली कित्येक प्रशस्तिपत्रकं माझ्या कपाटात आहेत, त्यांतलं एकही मला असं लागलं नव्हतं.

पुढच्या वर्षी मेस्त्री बहिणीकडेच राहायला गेले. हात आणखी हलायला लागले होते, एकट्याला चहासुद्धा करता येईना. ट्रकची कामं मी करते. अडलं तर त्यांना फोन लावते आणि फोन इंजिनाजवळ धरते. ते पलीकडून ऐकतात, मग सांगतात की पट्टा सैल आहे, किंवा काही नाही, तसाच चालव. नवरा निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी ट्रक घेऊन बाजाराला जातो. मासे आणायला हौद्याची गाडी कशाला लागते, हे मी विचारत नाही.

मागच्या महिन्यात चालताना मागून एक विचित्र खडखड यायला लागली. मी दोन दिवस ट्रकखाली पडून सगळे जोड तपासले, पाट्यांचे बोल्ट आवळले, काही सापडेना. शेवटी मेस्त्रींना फोन लावून नवऱ्याला गाडी चालवायला लावली आणि मी हौद्यात बसून फोन धरला. मेस्त्रींनी अंगणातल्या दोन फेऱ्या होईपर्यंत ऐकलं.

“गाडयेचां काय नाय,” ते म्हणाले. “काय तरी सुटां पडलां हा. सीटमागे बघ.”

बघितलं. माशाचा स्टीलचा डबा होता, झाकणासकट, रिकामा. नवऱ्यानं तो निमूटपणे घेतला आणि धुवायला आत नेला.