फळीवरचा पेट्रोलचा काटा

भुताखेतावर माझा काडीचा इश्वास न्हाई, आन कुठलीबी गाडी दुरुस्त करायची तर मला डोळं झाकून येतं. डोळं उघडलं की काय कळत न्हाई, एवढीच अडचण हाय.

मी कुपवाडला एमआयडीसीत वेल्डिंगच्या शेडमदी कामाला. शाळा चौथीपतूर, त्यातबी निम्मा टाइम वर्गाभाईर हुबा. हे सगळं मोबाईलमदी बोलून लिवतोय, तवा चुकलं-माकलं तर मोबाईलला शिव्या द्या. घडलं ते गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी... म्हंजी अमावस्या, पिपळ, पांढरी साडी असलं काय न्हाई. आदीच सांगून ठिवतो.

माझी सासुरवाडी पलूसजवळ. सासरं रिटायर सुभेदार, त्यास्नी आमी मामा म्हणतो. मामांकडं एक जुनी जीप हाय — मिलिटरीच्या लिलावातनं घेतलेली, पेट्रोलवरची. पोरांचं केलं न्हाईत एवढं लाड मामांनी तिचं केलं. तिला खोड एकच. पेट्रोलचा काटा कायम निम्म्यावर. टाकी फुल करा — निम्मी. टाकी कोरडी ठणठणीत — तरी निम्मी. मामा ज्वारीचं चिपाड टाकीत बुडवून माप बघायचं, आन बघायचं इसरलं की जीप वाटंत हुबी. एकदा भर सांगलीत, हळदीच्या मार्केटम्होरं थांबली. सासूबाईंनी, म्हंजी मामींनी, नव्या साडीचा पदर खोचून ढकलली. हमालांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर मामी म्हणाल्या, "परत एकदा वाटंत थांबली की भंगारात. बास."

मामा उठून जीपकडं गेलं. फडकं घिऊन बॉनेट पुसत बसलं. बॉर्डरवर ऱ्हायलेला माणूस, पण तवा त्यांच्या तोंडाकडं बघवंना.

मग माझ्यातला जावई जागा झाला. म्हणलो, "मामा, काटा मी नीट करतो. गॅस-कटर घिऊन येतो."

"पेट्रोलच्या टाकीला गॅस?" मामा म्हणालं. "जावयबापू, आपल्याला जीप वाचवायचीया, गाव उडवायचं न्हाई."

मग गुमान पाना-पक्कड घेतलं. काचंवर टिचक्या मारल्या. टाकीतला फ्लोट काढून बादलीत टाकला — झ्याक तरंगतोय. वायरींची टोकं घासली. टाकीकडची वायर सोडवून बॉडीला टेकवली. असं केलं की काटा पळाय पायजे, तर त्यो निम्म्यावरच. बॅटरीचा करंट डायरेक दिला. तरी निम्म्यावर. म्हणलं, मीटर मेलाय. खोलून काढला आन मामींच्या स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याशेजारी फळीवर ठिऊन दिला. डॅशबोर्डला नुसतं भोक... आन तसंच मी आन मामा जीप घिऊन सांगलीला, दुसरा मीटर हुडकायला.

मीटर काय मिळाला न्हाई. दुकानदार म्हणला, "असला मीटर आता एकतर म्युझियममदी, न्हाईतर तुमच्याच गाडीत." मग मी मामांना म्हणलो, आलोच हाय तर कुपवाडला दोस्तास्नी जीप दावू. शेडमधल्या एकूण एक गड्यानं चक्कर मारून घेतली. त्या भानगडीत पेट्रोल घालायचं ऱ्हाऊन गेलं.

परत निघालो, तर वाटंत मामींचा फोन. मामांनी स्पीकरवर टाकला.

"पेट्रोल घातलंय का?"

मीच म्हणलो, "मामी, भरपूर हाय! इंजनाच्या आवाजावरनं कळतंय मला."

"मग काटा तळाला कशानं गेलाय?"

"कुठला काटा?"

"आवं, फळीवरचा! भाकरी थापतीया, म्होरंच दिसतोय. सकाळधरनं खाली खाली याय लागलाय."

मी असा हासलो की जीप कडंला गेली. "मामी, त्याला वायर न्हाई काय न्हाई. मेलाय त्यो!"

आन जीप खोकली. दोन आचकं दिलं, आन उसाच्या फडाकडंला गप झाली.

मामांनी मोबाईलवर हात दाबला. तोंडाचा रंग पार उडालेला. बारक्या आवाजात म्हणालं, "गेली माझी जीप."

हाताखालनं मामी, "थांबली न्हवं?"

"मामी, आवाज तुटाय लागलाय..." मी म्हणलो. "हितं रेंज..."

"मला चांगलं ऐकू येतंय," मामी म्हणाल्या.

एका दुचाकीवाल्याला हात केला. त्यानं बिचाऱ्यानं बाटलीभर पेट्रोल काढून दिलं. मी टाकीत वतलं. फोन चालूच.

"बाटलीनं वतलं व्हय? वाईचसाच हलला."

माझ्या हातातनं बाटली पडली. खोटं न्हाई सांगत... मामा म्हणालं, "चला, गप चला," आन फोन बंद केला. मी जीप सुसाट घराकडं सोडली.

दारात मामी हुब्याच. मामा जीपमधनं उतरंनात, स्टेपनीगत बसून ऱ्हायलं. मामी म्हणाल्या, "उतरा, उतरा. ऱ्हाऊ द्या जीप. तिनं सांगितलं हुतं, तुमीच ऐकलं न्हाई. तिचा काय दोस? आन ती इकल्यावर तुमी दोघं कुठं कुठं हिंडताय ते मला कळायचं कसं?"

मामांचं तोंड आदी फुललं, आन मग शेवटचं वाक्य ध्येनात आल्यावर निम्म्यावर आलं.

मंडळी, त्याच्यानंतर मी लय परकार करून बघितलं. मीटर जीपमदी बसवला — निम्म्यावर. फळीवर ठेवला — बरोबर. चुलीच्या धगीनं हुत असंल म्हणून हळदीच्या पोत्यावर नेऊन ठेवला, तरी बरोबर. एकदा घरामागं चोरून टाकीतनं नळीनं कॅनभर पेट्रोल काढलं, तर आतनं हाक, "पावणं, कशाला काढाय लागलाय?" कुपवाडच्या एका इलेक्ट्रिशियनला इचारलं, त्यो म्हणला चुंबक असंल. दुसऱ्यानं नुसतं माझं तोंड हुंगलं.

मला काय आजपतूर उलगडा झाला न्हाई. कुणाला ठावं असंल तर खाली लिवा, हासणार असाल तर तसं लिवा.

परवा सासुरवाडीला जेवताना फळीकडं बघून म्हणलो, "मामी, खरं सांगा, एक बी वायर जोडलेली न्हाई, मग ह्यो काम करतोय कसा?"

मामींनी ताटात भाकरी टाकली. म्हणाल्या, "त्याला काय बी मिळत न्हाई, तरी बिचारा काम करतोय. तुमाला तीन टाइम भाकरी हाय, तुमी कवा करताय?"