सगळ्यात मोठी गांधी

बोईसरच्या बाजारात मी सुकी मासळी विकते. एक बाई महिन्यातून एकदा यायची, तोंडावर मास्क, हातात हातमोजे. प्रत्येकीकडून मूठभर जवळा घ्यायची, पिशवीवर आमचं नाव-गाव लिहायची आणि निघून जायची. वास घेणं नाही, घासाघीस नाही. मला रागच यायचा. आमचा जवळा काय घाण आहे?

शेवटी विचारलंच. "बाय, खात नाय तर नेते कशाला?"

मास्क न काढताच ती हसली. "मावशी, मी चिंचणीच्या कोळ्याचीच पोर. लहानपणी जवळा खाल्ला की अंगभर गांधी उठायच्या. घरचे म्हणायचे, नखरे करते. एकदा जबरदस्तीनं भरवला नि घसाच बंद झाला. तेव्हापासून याच्या मागे लागलीय."

मागे म्हणजे वीस वर्षं. जवळ्यातलं नेमकं काय अंगाला सोसत नाही, उन्हात वाळल्यावर ते वाढतं की कमी होतं, हे ती प्रयोगशाळेत शोधते.

पुढच्या खेपेला तिनं मोबाइलवर स्वतःच्या हाताचा फोटो दाखवला. डॉक्टरांसमोर तिनं गावोगावचा जवळा सुईच्या टोकानं हातावर टोचून घेतला होता. लाल गांधींची रांग उठली होती.

"ही सगळ्यात मोठी कुणाच्या जवळ्याची?"

"तुमच्या, मावशी."

मी ताडकन उठले आणि शेजारणीला हाक मारली, "बघ गो, आपली चिंचणीची पोर केवढी शास्त्रज्ञ झाली! आणि तिला सगळ्यात जास्त झोंबतो तो जवळा माझा हाय!"