भावजींच्या सतरा चाली

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत ज्यांची हळद आमच्या भावजींच्या कीबोर्डावर नाचली नाही, अशी जोडपी सापडलीच तर ती पळून जाऊन लग्न केलेली असणार, हे मी पैजेवर सांगतो. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे दीर. राहायला कशेळ्याच्या अलीकडे. दिवसा भातशेती आणि लग्नसराईत कीबोर्ड. शेजारी ताल धरायला ऑक्टोपॅडवर त्यांचा बालमित्र. दोघांत मिळून चार हात, पण मांडवात वीस माणसांचा बँड उतरल्यासारखं वाटायचं. सगळ्या चाली यांच्या स्वतःच्या. एका चालीचं नाव तर ‘घाटातला दुसरा गिअर’! तिच्यावर नाचताना म्हाताऱ्यासुद्धा कंबर धरायला विसरायच्या.

बारा वर्षांपूर्वी ही जोडी फुटली. मित्र म्हणाला, आता डीजे घेऊ. भावजी म्हणाले, "बटन दाबून वाजतं त्याला वाजवनं म्हनत नाय." मित्र म्हणाला, "तुझ्या कीबोर्डाला किती बटनं हायत, मोज की!" झालं. एवढ्याशा बोलण्यावरून एक खोपोलीला कारखान्यात लागला आणि दुसऱ्याने कीबोर्डाला चादर गुंडाळली. दोघेही हट्टाला पेटलेले. कोणी कोणाला फोन केला नाही.

गेल्या उन्हाळ्यात मात्र भावजींनी अचानक ठरवलं, की जोडीने आयुष्यभर वाजवलेल्या चालींतल्या निवडक सतरांचा एक आल्बम करायचा. पण रेकॉर्डिंग होतं कुठे? लोकांच्या कपाटांत, हळदीच्या व्हिडिओंत! भावजी मोटारसायकलवरून गावोगाव हिंडले. लोक चहा पाजायचे, कॅसेट शोधायचे आणि सापडली की अख्खं घर रडत बघत बसायचं. एका घरी नवराबायकोची फारकत होऊन वर्षं लोटली होती. त्या गृहस्थाने कॅसेट हातात दिली आणि वर बजावलं, "परत आनू नका." भावजी मला हळहळून सांगत होते, "लगीन मोडलं हो, पन त्यात आमची चाल काय झकास लागल्येय!" सगळं व्हिडिओंतूनच उचललेलं असल्यामुळे आल्बमात मध्येच ‘नवरदेवाच्या मामांनी ताबडतोब मांडवात यावे’ अशी हाक येते. ती काढायला भावजी तयार नाहीत. ते मामा आता हयात नाहीत म्हणे.

कर्जतच्या एका स्टुडिओवाल्याने हे सगळं कंप्युटरवर साफ करून दिलं. मीही सोबत होतो. पहिलीच चाल ऐकताना भावजींचा चेहरा उतरला. "ह्यो कोन वाजवतोय?" त्यांनी विचारलं. स्टुडिओवाला खुशीत म्हणाला, "काका, तुमचा पॅडवाला दर कडव्याला जरा उशिरा यायचा. सगळं तालात बसवलं." भावजी उठूनच उभे राहिले. "अरं बाबा, तो हाताचा घाम शर्टाला पुसायचा, म्हनून थांबायचा! मी त्याच्यासाठी थांबायचो. ती चूक नाय रं, तो आमचा मानूस हाय." सतराच्या सतरा चाली पुन्हा पहिल्यासारख्या करून घेतल्या, तेव्हा कुठे ते जेवले. त्या दिवशी मला कळलं, की हा आल्बम दोन तालुक्यांसाठी नव्हताच. तो एका माणसासाठी होता.

भाताच्या लावणीच्या आधी भावजी स्वतः खोपोलीला जाऊन पेनड्राइव्ह देऊन आले. मित्र ड्युटीवर होता. वहिनींनी चहा दिला, "देते हां त्यांना" म्हणाल्या. भावजी मुद्दाम तासभर रेंगाळले आणि परत आले.

आता कापणीही आटोपली. भावजी अधूनमधून मला फोन करतात. "काय नाय, पावनं, फोन लागतोय का ते बघत होतो." मला फार वाईट वाटतं. आल्बम सगळा मिळून दीड तासाचा आहे, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. परवा न राहवून मी विचारलंच, "भावजी, काही निरोप आला का हो?"

"सतरा चाली हायत," ते म्हणाले. "नीट ऐकाय येळ लागतो मानसाला." आणि मी पुढे काही बोलायच्या आत घाईने म्हणाले, "बरं, ठेवतो. लाइन मोकळी असलेली बरी."