बावन्नचे बहात्तर

नदीकाठच्या गल्लीत त्याला सगळे मापाडी म्हणायचे. धान्याशी त्याचा काही संबंध नव्हता. तो घरं मोजायचा. एका विमा कंपनीत तो सर्व्हेअर होता आणि सत्तावीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं. कुणाकडे सहज भेटायला गेला तरी त्याची नजर आधी खाली जायची. जोतं रस्त्यापासून किती वर आहे, पायऱ्या किती, भिंतीला ओल कुठवर चढली आहे, हे त्याला आपोआप दिसायचं. त्याची बायको म्हणायची, "लोक दारात उभे राहून बेल वाजवतात, आमचे हे दारात उभे राहून जोत्याची चौकशी करतात."

त्याच्या घराला भिंत लागून बाइंडरचं घर होतं. एकाच गवंड्याने एकाच वर्षी बांधलेली ही दोन घरं, मधली भिंत सामाईक. बाइंडरच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान होतं. कागद कापायचं अवजड यंत्र, शिवणीची चौकट, दाबाचा पेच आणि सगळीकडे खळीचा वास. सार्वजनिक वाचनालयाची फाटकी पुस्तकं, कचेऱ्यांची रजिस्टरं, विद्यार्थ्यांचे प्रबंध, सगळं त्याच्याकडे यायचं. दोघे एका वयाचे, एकमेकांना अरेतुरे करणारे. बाइंडर मापाड्याला चिडवायचा, "मी फाटलेलं शिवतो. तू फाटायच्या आधीच लोकांना घाबरवतोस. पैसे मात्र तुलाच जास्त."

पूर्वी नदीचं पाणी गल्लीत एका पिढीत एकदा यायचं. म्हातारी माणसं त्या वर्षावरून लग्नं आणि जन्म मोजायची. पण मागच्या दहा-बारा वर्षांत ते तीनदा आलं. पाऊसच बदलला. महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळू लागला, आणि वरच्या अंगाला डोंगर बोडके झाले होते. विमा कंपनीने नवा नकाशा काढला. रस्त्यापासून साठ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचं जोतं असलेलं घर लाल पट्ट्यात, त्याहून उंच असेल ते पिवळ्या पट्ट्यात. लालचा हप्ता चौपट होणार होता, पिवळ्याचा थोडासा वाढणार होता. नदीकाठचं प्रत्येक घर पुन्हा मोजायचं ठरलं आणि ते काम मापाड्याकडे आलं.

तो गल्लीच्या टोकापासून मोजत आला. बाइंडरच्या दारात आला तेव्हा बाइंडर हातातली सुई टाकून बाहेर आला. "आण ती पट्टी. आज मी तुझा हाताखालचा माणूस," म्हणाला. त्याने मोजपट्टी जोत्याला टेकवून सरळ धरली आणि मापाड्याने दुर्बिणीतून पाहून रस्त्याचा आणि जोत्याचा आकडा सांगितला. बाइंडरला राहवलं नाही. त्याने हिशेब स्वतःच केला आणि परीक्षेचा निकाल सांगावा तसा मोठ्याने ओरडला, "बावन्न!"

बावन्नच होतं. मापाड्याने बावन्न लिहिलं.

मग स्वतःच्या घराची पाळी. नियम असा की सर्व्हेअरने स्वतःचं घर मोजायचं नाही, दुसऱ्याने मोजायचं. पण कचेरीतल्या जोडीदाराने आधीच कोऱ्या फॉर्मवर सही करून दिली होती. "तू मोजलंस काय, मी मोजलं काय," तो म्हणाला होता. बाइंडर आत गेला. मापाडी आपल्याच पायरीवर बसला. मोजायची गरजच नव्हती, भिंत एक आणि जोतंही एक. त्याने फॉर्म मांडीवर घेतला आणि ७२ लिहिलं.

पेन घसरलं असं त्याने स्वतःला सांगितलं. पाचाच्या जागी सात पडायला कितीसा वेळ लागतो? पण खोडून दुरुस्त करायलाही तेवढाच वेळ लागतो, आणि त्याने तो घेतला नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण त्याला तेव्हा आठवली नाही. पुढे फार आठवली.

दोन महिन्यांनी पत्रं आली. संध्याकाळी बाइंडर पत्र हातात घेऊन त्याच्याकडे आला. मागोमाग त्याची बायकोही आली. मापाडी तिला वहिनी म्हणायचा, ती त्याला भावोजी.

"चौपट झालाय रे," बाइंडर म्हणाला. "तुझं?"

मापाड्याचं पत्र आतल्या कपाटात होतं. "माझंही वाढलंच की," तो म्हणाला. हे खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं.

"मग तू भरणार?"

"बघतो. कंपनीतला माणूस मी. मला भरावंच लागेल."

वहिनी म्हणाल्या, "भावोजी, तुम्हीच सांगा. घ्यावा की सोडावा? मला तर वाटतं, पोटाला चिमटा घेऊ, पण भरू."

इथे तोंड उघडायला हवं होतं. सर्व्हेअर म्हणून नव्हे, शेजारी म्हणून. वहिनी म्हणतात ते बरोबर आहे, पुढच्या पाच वर्षांत पाणी येणारच, मी आकडे पाहिले आहेत, एवढं तरी सांगायला हवं होतं. पण जास्त बोललो तर बाइंडर विचारेल, दाखव तुझं पत्र. म्हणून मापाडी म्हणाला, "तुमचं तुम्ही ठरवा, वहिनी. मी कंपनीचा. मी घ्याच म्हटलं तर लोक म्हणतील, स्वतःचं दुकान चालवतोय."

बाइंडर हसला. "बघ, किती सरळ माणूस आहे," बायकोला म्हणाला. त्याने विमा सोडला. त्याऐवजी दुकानातलं सामान ठेवायला सुताराकडून भिंतीला उंच फळ्या मारून घेतल्या.

पाणी दुसऱ्या वर्षी आलं, भर दिवसा. सकाळी गटारांतून उलटं येऊ लागलं आणि दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत खोल्यांत कमरेइतकं झालं. मापाड्याने आपलं सामान बायकोवर सोपवलं आणि तो बाइंडरकडे धावला. दोघांनी कागदाचे गठ्ठे माळ्यावर चढवले. वहिनी शिडीवर मध्ये उभ्या राहून एकाच्या हातातून घेत, दुसऱ्याकडे देत. कापायचं यंत्र जागचं हलणं शक्यच नव्हतं. ते डोळ्यांदेखत बुडालं. वाचनालयाची दीडएकशे पुस्तकं खालच्या फळ्यांवर होती. ती भिजून इतकी फुगली की एकमेकांत घट्ट बसली. बाइंडर छातीपर्यंत वाकून ती ओढत राहिला आणि एकही बाहेर येईना. शेवटी फळीच मधोमध तडकली.

पाणी दोन दिवसांनी उतरलं. मापाड्याच्या घरी बाहेरगावचा सर्व्हेअर आला. भिंतीवरची चिखलाची रेघ मोजली आणि फोटो काढले. जोतं त्याने पाहिलं नाही. नुकसान झाल्यावर सगळे पाण्याची उंची मोजतात, जोत्याची कोण मोजतो? "तुम्ही आपलेच," म्हणत त्याने हात मिळवला. भरपाई सहा आठवड्यांत आली. नवी फरशी आली, दारं बदलली, गिलावा झाला. फरशीवाल्याचं यंत्र दिवसभर किंचाळत राहायचं आणि सामाईक भिंतीपलीकडे बाइंडर उन्हात पुठ्ठे वाळत घालायचा.

एकदा तो आत आला, ओल्या फरशीवर फळी टाकली होती तिच्यावरून सांभाळून चालत. सगळीकडे पाहिलं आणि मनापासून म्हणाला, "बरं झालं बाबा. दोघांतल्या एकाचं तरी सावरलं."

त्यानंतर मापाड्याला नव्या फरशीवर अनवाणी चालवेना. बायको म्हणाली, गार लागते म्हणून असेल. तिला त्याने तेव्हाच सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मला आधी सांगितलं असतंत तर मी खोडून घेतलं असतं." मग म्हणाली, "निदान तसं वाटतं तरी."

बाइंडरने वाचनालयाची भरपाई खिशातून केली. नंतर यंत्र दुरुस्त करायला त्याच्याकडे काही उरलं नाही. त्याने घर विकायला काढलं. एका रविवारी सकाळी एक जोडपं घर पाहायला आलं. बाई गरोदर होती. घर त्यांना आवडलं. जाताना नवरा मापाड्याच्या दारात थांबला. "काका, तुम्ही शेजारी. खरं सांगा, पाणी कुठवर येतं?"

मापाड्याने त्या बाईकडे पाहिलं. मग हाताने कमरेपाशी रेघ दाखवली. "इथवर. आणि पुन्हा येणार," तो म्हणाला.

ते जोडपं परत आलं नाही.

आठवड्याने बाइंडरला कळलं. तो मापाड्याच्या पायरीवर येऊन बसला. मापाडी उभाच राहिला.

"तू सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं. बाई गरोदर होती. खोटं बोलवलं नाही."

बाइंडर चिडला नाही. थकल्यासारखा म्हणाला, "नाहीच बोलवणार तुला. तुझ्यावर राग तरी कसा धरू? माझंच माप बघ ना. दुसरा कुणी असता तर मित्राचं चार बोटं वाढवून लिहिलं असतं. तू बावन्नचं बावन्न लिहिलंस. तुझ्या वहिनीला मी तेव्हाही सांगितलं, याचं माप म्हणजे माप."

मापाड्याला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. शिवी ऐकली असती तर त्याने गिळली असती. हे गिळता येईना.

"माझं बहात्तर लिहिलं मी," तो म्हणाला.

"काय?"

"माझ्या जोत्याचं माप. बहात्तर लिहिलं. माझा हप्ता चौपट झालाच नाही. मी पिवळ्यात आहे."

बाइंडर उठला. तो मापाड्याच्या पायरीवरून स्वतःच्या पायरीपर्यंत चालत गेला आणि खाली पाहिलं. दोन्ही जोत्यांमधून एक सरळ रेघ जात होती, सांधासुद्धा नव्हता. तो तिथेच उभा राहून म्हणाला, "माझंही लिहायचं होतंस."

"तू पट्टी धरून उभा होतास. मोठ्याने ओरडलास बावन्न म्हणून."

"मग? मी नको म्हटलं असतं?" बाइंडरचा आवाज चढला. "का, मीच तेवढा खरं बोलणारा आहे असं वाटलं तुला? की दोन घरांत खोटं लिहिलं तर पकडला जाशील, म्हणून एकातच लिहिलंस?"

दोन्ही खरं होतं. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या कधी आल्या ते त्याला कळलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "मी तुम्हाला विचारलं होतं ना, भावोजी? घ्यावा की सोडावा?"

"हो."

"पाणी येणार, हे तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो, वहिनी."

त्या आत गेल्या. दार त्यांनी आपटलं नाही, नुसतं लावलं.

दुसऱ्या दिवशी मापाडी कचेरीत गेला आणि साहेबासमोर लिहून दिलं. साहेबाला हे नकोच होतं. "झाकली मूठ राहू द्यायची होती," तो म्हणाला. "आता मला कारवाई करावी लागेल. तुमच्या कबुलीने तुमच्या शेजाऱ्याला एक पैसासुद्धा मिळणार नाही, कळतंय ना? त्याचा विमाच नव्हता."

मापाड्याला ते कळत होतं. वाईट वाटायचं ते त्याचंच होतं. खरं बोलून तो स्वतःचं काही फेडू शकत होता, बाइंडरचं नाही.

निवृत्तीला चार वर्षं असताना त्याची नोकरी गेली. भरपाई परत करावी लागली. बायकोने स्वतःच्या नावावरची ठेव मोडली आणि त्याबद्दल कधी काही ऐकवलं नाही. न पाहता सही करणाऱ्या जोडीदाराची बढती अडली. तो रस्त्यात भेटला की समोरच्या बाजूला जायचा. त्याचा तो हक्कच होता.

बाइंडरचं घर अखेर पडत्या भावात गेलं. त्याने वर टेकडीकडे राहायला आणि कामाला मिळून एक खोली भाड्याने घेतली आणि यंत्राशिवाय होईल तेवढं काम सुरू केलं. महिनाभराने मापाडी तिथे गेला. काय बोलावं हे ठरवून गेला होता, पण बोलायची वेळच आली नाही. बाइंडर घड्या घातलेले कागद शिवत होता. त्याने वर पाहिलं, बाजूचा गठ्ठा पायाने पुढे सरकवला आणि म्हणाला, "सोळा-सोळा पानांची घडी. कडेला कड लागली पाहिजे." मापाडी बसला. पहिल्या दिवशीच्या निम्म्या घड्या बाइंडरने उलगडून परत घातल्या.

आता तो आठवड्यातून तीन दिवस तिथे जातो. पैसे घेत नाही आणि बाइंडरही देऊ करत नाही. कामाचं बोलतात, कधी गुडघेदुखीचं. त्या मापाविषयी बाइंडरने पुन्हा एकदाच विचारलं, तेही सुईत दोरा ओवता ओवता. "समज, मी त्या दिवशी घरात नसतो, तर माझंही बहात्तर लिहिलं असतंस?"

मापाड्याने खूप विचार केला. हो म्हणणं सोपं होतं आणि दोघांनाही बरं वाटलं असतं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

बाइंडरने मान हलवली आणि दोरा ओढून गाठ मारली. गल्लीतले लोक हप्त्याचं पत्र घेऊन अजून मापाड्याकडेच येतात, घ्यावा की सोडावा विचारायला. तो त्यांना पायरीवर बसवतो आणि तास तास समजावतो. जोतं कसं वाढवायचं, सामान कुठवर उचलायचं, कंपनीशी पत्रातून कसं भांडायचं, सगळं सांगतो. स्वतःचं घर आता लाल पट्ट्यात आहे, हेही सांगतो. लोक म्हणतात, मापाडी म्हातारपणी फार बोलायला लागला.

वहिनी मात्र त्याच्याशी बोलत नाहीत. तो आला की त्या भांडी घासायला घेतात, नसली तरी काढून.