बेबीताईचा जास्तीचा प्रश्न

बेबीताई सातवी पास आहे, हे मी आधीच सांगून टाकते. मी समाजकार्याची पदवी घेतलेली. अमरावतीच्या एका मेडिकल कॉलेजानं तोंडाच्या कर्करोगाचं सर्वेक्षण काढलं, तेव्हा आम्हा दोघींना एकाच दिवशी घेतलं. तिथूनच माझं डोकं फिरलं. त्यात विभागाच्या मॅडम म्हणाल्या, पुढचा टप्पा अकोल्यात आहे, तिथं सुपरवायझर एकच लागेल. ती जागा माझीच, असं मी धरून चालले होते.

बेबीताई बडनेऱ्याची, पन्नाशीची. टॅब एका बोटानं चालवायची. मी दिवसाला बारा घरं करायची, ती पाच. कुणाच्याही घरी गेली की आधी पाणी मागायची, मग बसून भाजी निवडू लागायची. निघताना बाया तिच्या पिशवीत वांगी टाकायच्या. मला कधी कुणी एक वांगं दिलं नाही. मी जळायची, उगाच कशाला लपवू?

आमची पद्धत अशी की, घरं संगणक निवडतो. एकीनं फॉर्म भरले की दुसरी त्यातल्या एखाद्या गावच्या सगळ्या घरी पुन्हा जाते आणि उत्तरं जुळतात का ते मॅडम बघतात. वलगावच्या माझ्या चाळीस बायांमध्ये तंबाखूवाल्या निघाल्या तीन. त्याच चाळीस घरी बेबीताई गेली आणि एकवीस घेऊन आली.

"मनानं भरलंय तिनं," मी मॅडमना सांगितलं. सांगताना फार बरं वाटलं.

मॅडमनी चाळीसही जणींच्या लघवीचे नमुने मागवले. त्यात तंबाखूचा अंश आहे की नाही ते दाखवणारी पट्टी असते, तिच्यावर तपासले. एकवीसच निघाल्या, आणि त्याच एकवीस.

"तुम्ही विचारलं तरी काय?" मॅडमनी बेबीताईला विचारलं.

"आंधी टॅबातलंच इचारलं, तंबाखू खाता काय? बाया म्हने नाई. मंग म्या इचारलं, दात कायनं घासता? त मिसरीचा डबा काढून दाखवला. भाजलेला तंबाखू घासते थ्या, खात नाई. खोटं नोयत्या बोलत. रागिणीताईचीबी चूक नाई मॅडम, सवालच तसा हाये."

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं.

त्या एकवीस जणींत सतरावं नाव जाईबाईचं होतं. जाईबाई म्हणजे माझी आई. आपलं घर यादीत आलं तर ते दुसरीला द्यायचं, हा नियम मला पाठ होता. पण तो फॉर्म मी वलगावच्या बसथांब्यावर उभी राहूनच भरला होता. सख्ख्या आईला काय विचारायचं? तंबाखू: नाही. ती रोज सकाळी काळं मंजन घासते, एवढंच मला ठाऊक होतं.

एकवीस जणींची तोंडं तपासली. आईच्या गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायचं ठरवलं. माझ्या फॉर्मवर भरवसा ठेवला असता तर तिला कुणी बोलावलंच नसतं.

घरी जाऊन मी तिला म्हटलं, "मले कावून नाई सांगतलं?"

"तू चिडतं वं," आई म्हणाली. "तोंडात जळजळ होते, थेबी बेबीलेच सांगतलं. दोन घंटे बसली माह्याजोळ. 'मीबी घासत होती, सोडलं' म्हने."

अकोल्याची जागा बेबीताईला मिळाली, ती तिकडं राहायलाही गेली. मी तिचं अभिनंदनही केलं नाही.

तुकडा काढायच्या दिवशी मी रजा घेतली, आईला दवाखान्यात आणलं, तिचा हात धरून बाकावर बसले. नंबर जवळ आला तशी ती दाराकडं बघू लागली.

"बेबी आली नाई काय अजून?"

मी शेजारीच बसले होते. बेबीताईचा इतका हेवा मला कधीच वाटला नव्हता. बाहेर येऊन तिला फोन लावला. आई बोलावते, एवढंच म्हटलं.

"मालूम हाये," ती म्हणाली. "अकोल्याहून सकाळीच निघाली, मूर्तिजापूर गेलं मांगं. येऊन राहिली."